माटवावरची वेल

ज्या दिवशी श्रुतीने अंगणातली द्राक्षाची वेल छाटली, त्या दिवशी सुंदराबाई दुपारच्या जेवल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणाल्या आणि पडवीत भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. श्रुतीला त्यात काही वावगं वाटलं नाही. एप्रिलचा उकाडा, त्यात आदल्या रात्री फणसाची भाजी झालेली, होतं असं. तिने सासूबाईंना लिंबाचं सरबत नेऊन दिलं आणि झोपलेल्या ईशाच्या कपाळाला हात लावून बघितला. ईशाला ताप नव्हता. पण बघितलेलं बरं, असं श्रुतीचं असायचं.

संध्याकाळी शेजारची गोदाकाकी अंगणाच्या दगडी गडग्यापाशी आली आणि आवाज खाली करून म्हणाली, "काय गो, निलेशचा बोटीवरनं फोन आला होता काय?"

"आला होता की परवा. का?"

"भांडलात काय?"

"नाही हो काकी. असं का विचारताय?"

"तुझी सासू रडतेय गो सकाळधरनं. म्हणते, माहेराहून आणलेली वेल सुनेने हातभर ठेवून सगळी कापून टाकलीन. आता काय ती इकडे ऱ्हायत नाय. पोरीला घेऊन जाणार."

श्रुतीला आधी हसू आलं. खरं तर चूक तिचीच. ती दिंडोरीकडची. तिच्या माहेरी काढणी झाली की एप्रिलमध्ये सगळा मळा छाटून टाकतात. खरड छाटणी म्हणतात तिला. हिरवंगार शिवार आठवड्याभरात काटक्यांचं होतं, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. जुनं काढलं नाही तर फळ धरणारी नवी काडी यायची कुठून? पण हे आंब्याचं गाव. इथे फळणाऱ्या झाडाला कुणी कोयता लावत नाही. वाळकी फांदी तोडायची तरी सासरे चार दिवस झाडाखाली उभे राहून विचार करतात. धडधाकट झाड बुंध्यापर्यंत उतरवायचं ते एक तर वाटणीच्या भांडणात, नाही तर घर कायमचं बंद करताना.

ती पडवीत गेली. सासूबाईंच्या हाताला धरून त्यांना अंगणात आणलं आणि छाटलेल्या काडीवरचे बारीक फुगवटे दाखवले. "आई, हे बघा. हे डोळे. इथून फुटणार आहे ती. दरवर्षी कापावीच लागते."

सुंदराबाईंनी चष्मा वर करून एकेक डोळा बघितला. "मग आधी सांगायचंस ना गो!"

"तुम्ही विचारायचंत ना."

"विचारू कशी? जाणाऱ्या माणसाला काय जातेस काय म्हणून विचारायचं?" असं म्हणून त्यांनी नाक पुसलं आणि आत जाऊन दुपारचा भात ताटात वाढून घेतला.

ही वेल शिराज जातीची होती. श्रुतीच्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, वाइनच्या द्राक्षांचा जुना मळा होता. श्रुती शाळेत होती तेव्हा लावलेला. तिने पुढे रसायनशास्त्रात पदवी घेतली, वाइनरीच्या प्रयोगशाळेत दोन हंगाम नोकरी केली, तीही त्या मळ्याच्या वासात वाढल्यामुळेच. मग निलेशचं स्थळ आलं. मर्चंट नेव्हीतला मुलगा, आरे-वारेच्या रस्त्याला घर, आंब्याची थोडी कलमं, सुपारीची वाडी. लग्न झालं, आणि ईशा वेळेच्या फार आधी जन्मली. कितीतरी दिवस ती रत्नागिरीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, मनगट अंगठ्याएवढं. तेव्हापासून श्रुतीला काळजीची जी सवय लागली ती लागली. पाण्याचा पंप, मांजराची नखं, नारळाच्या झाडाखालची वाट, सगळ्यावर तिचा डोळा. सासरे, सहदेव त्यांचं नाव, गमतीने म्हणायचे, "आमच्या घराला कुत्रा नको. सूनबाई हाय."

ईशा वर्षाची झाली त्या सुमारास अण्णांनी तो मळा काढायचं ठरवलं. वेली थकल्या होत्या, उत्पन्न उतरलं होतं. काढण्याआधी त्यांनी त्यातल्या चांगल्या काड्या घेऊन एक कलम बांधलं आणि पिशवीत लावून लेकीकडे पाठवून दिलं. सोबत फोनवर एवढंच म्हणाले, "तुमच्या त्या पावसात जगंल असं वाटत नाही. पण टाकून द्यायलाबी जीव धजत नव्हता. बघ लावून. आणि लागली द्राक्षं तर पहिला खुडा करायला मी येतो."

अण्णा लेकीच्या घरी कधी आलेच नव्हते. लग्न नाशकात झालेलं, बारसंही तिकडेच. उन्हाळा-पावसाळा त्यांचं काही ना काही असायचं, आणि फेब्रुवारी-मार्च म्हणजे तर काढणीचा हंगाम, जेवायला उसंत नाही. आता यंदाची शेवटची काढणी करून मळा निघाला होता. नव्याने लावलेल्या वेली अजून फळावर यायच्या होत्या. येता मार्च त्यांच्या आयुष्यातला पहिला मोकळा मार्च होता. म्हणूनच या एका वेलीवर श्रुतीचा जीव टांगलेला. अण्णा येतील तेव्हा वेलीला घड असायला हवेत. बाकी काही नाही.

कलम म्हटल्यावर सहदेवांना आपलेपणा वाटला होता. त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात जांभा फोडून खड्डा केला, माती-शेणखत भरलं आणि वेल वर आली तशी माटवावर चढवली. दिवाळीनंतर अंगणावर घालतात त्या मांडवाला इकडे माटव म्हणतात. पोफळीचे खांब, वर आडवे वासे, त्यावर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. उन्हाळाभर त्याखाली बसायचं, आमसुलं वाळवायची, आल्या-गेल्याला पाणी द्यायचं, आणि पावसाच्या आधी तो उतरवून वासे पडवीत रचून ठेवायचे. न उतरवलेला माटव वारा उतरवतो, असं सहदेव म्हणायचे.

पण यंदा मे अखेरीला सगळे वासे काढून झाले तरी ते वेलीच्या कोपऱ्यात उभेच राहिले. छाटलेल्या वेलीला तोवर हातहातभर फुटवे आले होते, कोवळे, लालसर शेंड्यांचे. श्रुती ईशाला काखेत घेऊन दारात उभी होती. तिला म्हणायचं होतं, तेवढा कोपरा राहू द्या ना. पण सासऱ्यांना इतक्या वर्षांची रीत मोडा असं कसं म्हणायचं?

"पानाला ऊन लागतं काय गो हिच्या?" त्यांनीच विचारलं.

"लागतं ना. पण पावसाचं पाणी पानावर राहिलं तर बुरशी येते, बाबा. तिकडे केवडा म्हणतात. एका रात्रीत पसरतो."

"म्हणजे ऊन हवं, पाणी नको. तुझ्यासारखीच हाय. पोरीने खेळावं पण पडू नये."

दुसऱ्या दिवशी ते बाजारातून पांढऱ्या प्लॅस्टिकचा तागा घेऊन आले. वेलीपुरते चार खांब ठेवले, वर उतरतं छप्पर बांधलं. जुलैत एकदा वाऱ्याने ते छप्पर उचललं आणि गोदाकाकीच्या माडाला नेऊन गुंडाळलं. भर पावसात सासरे-सून शिडी लावून ते सोडवत होते, आणि खालून गोदाकाकी ओरडत होती, "सहदेवभाऊजी, सुनेसाठी माडावर चढलात, बायकोसाठी कधी शहाळं नाय काढलंत!"

केवडा आलाच. पानाच्या खालच्या बाजूला पिठासारखे पांढरे डाग. श्रुती घाबरून अण्णांना फोटो पाठवू लागली. अण्णा तिकडून सांगायचे, बोर्डो मार. मोरचूद आणि चुन्याचं ते निळं पाणी सहदेव तरी दर पावसाळ्यात सुपारीच्या शिपुटांवर, म्हणजे घोसांवर, मारायचेच. त्यांनी सुपारीबरोबर वेलीचीही पाळी लावून टाकली. फरक एवढाच, की सुपारीला मारताना घरात कुणी लक्ष देत नसे आणि वेलीला मारताना ईशाला आतल्या खोलीत कोंडलं जाई, खिडक्या बंद होत, आणि पुढचे दोन दिवस अंगणात तिने कशाला हात लावला की साबणाने हात धुतले जात. ईशाने त्याचा खेळच केला. हात नुसता दाखवायची आणि म्हणायची, "आई, निळं!" की आई धावत यायची.

पावसाने त्या वर्षी दिवाळी गाठली. दिंडोरीत एव्हाना सगळ्यांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची दुसरी छाटणी, उरकली होती. अण्णा फोनवर चुळबुळत होते. "काय करून राह्यली गं? अजून कात्री नाही लावली?" पण ओल्यात छाटली तर नवी फूट कुजणार. श्रुती थांबली. आभाळ पुरतं कोरडं झालं तेव्हाच तिने कात्री काढली, आणि कात्री हातात घेण्याआधी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन मोठ्याने म्हणाली, "आई, मी कापतेय हं. जात कुठे नाहीये."

"काप, काप," सुंदराबाई आतून म्हणाल्या. "पण मी नाय बघायची."

त्याच आठवड्यात माटव घालायचा होता. या खेपेला श्रुतीने धीर करून आधीच सांगितलं, "बाबा, वेल आता अख्ख्या माटवावर पसरेल. खांब जरा बुटके ठेवाल? मळ्यात मांडव हाताच्या उंचीवर असतो. घड खाली लटकतात, खालून विरळणी करायची असते. शिडीवर चढायला लागलं तर ईशाकडे कोण बघणार?"

सहदेवांनी करवत खांबाला लावली. मग थांबले. अंगणाच्या फाटकाकडे बघितलं, वर बघितलं, परत खांबाकडे बघितलं.

"काय झालं, बाबा?"

"काय नाय." आणि त्यांनी खांब कापला. एक कापल्यावर मग बाकीचेही.

वेल मात्र शहाण्यासारखी वागली. डोळे फुटले, त्यातून इवले घोस बाहेर पडले, फुलोऱ्याचा तो मंद, पावडरीसारखा वास अंगणात आला आणि श्रुती दोन दिवस कारण नसताना गाणी गुणगुणत होती. मणी धरले. कंदिलाएवढे मोठे घड नव्हेत, मुठीएवढे लहान, घट्ट. माघात त्यांच्यात पाणी उतरलं, म्हणजे कडक हिरवे मणी मऊ पडायला लागले आणि एकेक करून जांभळे झाले. बोटीवरून निलेशने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाला, "अगं, हे खरंच लागलं की!" त्याच्यामागे नुसतं निळं पाणी होतं. ईशाने फोन हिसकावून बापाला एका घडाला टेकवलं आणि बराच वेळ निलेश द्राक्षांशी बोलत राहिला.

गोदाकाकीने एक मणी तोडून तोंडात टाकला. "अगो, ही करवंदंच आहेत की! बी बघ केवढी. ह्यासाठी वर्षभर एवढं?"

"खायची नाहीत हो ती काकी, वाइनची आहेत. साल जाड असते. अजून साखर भरायचीय."

"साखर घालायची म्हणजे सरबतच ना मग?"

सहदेव झोपाळ्यावरून हसले. "माझा आजा माडाची माडी काढायचा. सकाळी गोड, दुपारी कडू, संध्याकाळी भांडण. ही किती वाजता भांडते?"

असं सगळं बरं चाललं होतं, तोवर एका सकाळी गावचे मानकरी धोंडूदादा पालखीच्या भोवनीचे दिवस सांगायला आले. शिमग्याला ग्रामदेवीची पालखी देवळातून निघते आणि वाडीवाडीने प्रत्येक घरी जाते, ती भोवनी. धोंडूदादा फाटकातून नेहमीच्या चालीने आत आले आणि त्यांची टोपी एका घडाला लागून खाली पडली.

ती उचलता उचलता ते म्हणाले, "सहदेवा, यंदा माटव एवढा खाली का रे घातलास? पालखी काय रांगत आणायची?"

सहदेवांनी नुसतं माटवाकडे बघितलं.

सुंदराबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. ईशा काचेच्या पेटीत होती तेव्हा त्या देवीला नवस बोलल्या होत्या, की ही पोर स्वतःच्या पायाने धावायला लागली की पालखी माझ्या अंगणात नाचवीन आणि पोरीला पालखीखालून काढीन. गेल्या शिमग्याला ईशाला कांजिण्या आल्या, म्हणून राहिलं. वर्षभर दर सणाला त्या म्हणत होत्या, येत्या शिमग्याला फेडून टाकू. आणि पालखी नाचते ती चार गड्यांच्या खांद्यांवर, वर फेकून, झेलून. श्रुतीने मान वर करून बघितलं. सगळ्या अंगणावर घडच घड लोंबत होते, तिच्या कपाळाशी.

धोंडूदादा गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत होतं."

"खांब कापताना आठवलं," सहदेव म्हणाले. "पण तू एवढी बोललीस त्या दिवशी. नाय तर कधी काय मागतेस? म्हटलं, फाल्गुनाला वेळ हाय. तोवर बघू."

फाल्गुन आला तरी कुणी काही बघितलं नव्हतं. पालखी यायची होती त्याच्या पुढच्या आठवड्यात अण्णांचं तिकीट होतं. श्रुती रोज एक मणी चिरून बी बघायची. बी अजून हिरवट होतं. ते तपकिरी झाल्याशिवाय खुडायचं नाही, हे तिला अण्णांनीच लहानपणी शिकवलेलं. माटव सोडवून वेल खाली घ्यावी तर भरल्या घडांनिशी ती मोडणार. सुंदराबाई नवसाच्या साडी-नारळाची तयारी करत होत्या, पण पूर्वीसारखी सगळ्यांना दाखवत नव्हत्या. सहदेव झोपाळ्यावर बसून वर बघत. श्रुतीला वाटे, यांनी एकदा सरळ म्हणावं, उतरव ती वेल. मग तिला रागावता तरी आलं असतं.

शेवटी तिने अण्णांना फोन केला. सगळं सांगितलं.

"चव बघितली?" अण्णांनी विचारलं.

"बघितली. आंबट आहे अजून. बी हिरवं."

अण्णा म्हणाले, "पोरीसाठी बोललेलं आधी फेडायचं, बाई. द्राक्षं काय, पुढच्या साली पुन्हा येतेत. घे काढून."

"तुम्ही येणार ना पण?"

"येतो ना. तुझी आई कधीची बॅग भरून राह्यली."

फोन ठेवल्यावर श्रुती कात्री आणि टोपली घेऊन अंगणात आली. पहिल्याच घडाशी हात गेला आणि मागून सुंदराबाईंचा आवाज आला.

"हात लावायचा नाय."

"आई, पालखी नाचायला हवी. ईशासाठी आहे ते. माझ्या वेलीपायी राहिलं तर मला स्वस्थता मिळायची नाही."

"आणि मला मिळेल काय? एकदा कापलीस तेव्हा माझा जीव गेला होता. परत नाय बघवत मला." त्यांनी तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि परकराच्या खिशात टाकली. "नवस माझा हाय. नाचवीन म्हटलंय मी. किती उंच ते नाय म्हटलंय."

आणि पायांत चपला घालून त्या तरातरा देवळाकडे चालू लागल्या. दुपार टळून गेल्यावर परत आल्या. धोंडूदादांनी देवीला कौल लावला होता. मूर्तीला चिकटवलेली कळी उजव्या बाजूची पडली. म्हणजे देवी येणार.

"पण कशी?" श्रुतीने विचारलं.

"ती तिची ती बघेल. मला चहा दे आधी."

पालखीच्या दिवशी सकाळपासून ढोलांचा आवाज वाडीवाडीतून फिरत जवळ येत होता. श्रुतीने ईशाला नवं परकर-पोलकं घातलं, कानांत कापूस घातला, तो पडला म्हणून परत घातला. रीत अशी, की आईने मुलाला कडेवर घ्यायचं आणि नाचत्या पालखीखालून पलीकडे जायचं. श्रुतीने मनात त्याची तालीम करून ठेवली होती. ईशाचं डोकं छातीशी धरायचं, डावा हात वर, पालखीचा दांडा खाली आला तर आपल्या हातावर यावा. ईशाला मात्र ढोलांची भीती वाटत होती. सकाळपासून ती तीनदा पलंगाखाली जाऊन बसली होती.

पालखी फाटकाशी आली. निशाण, सनई, गुलालाने माखलेली पोरं. निम्मी पोरं शिमग्यासाठी मुंबईहून आलेली. दांड्याला पुढे हर्षद होता, गोदाकाकीचा मुलगा, घाटकोपरच्या जिमला जाऊन दंड कमावलेला. धोंडूदादांनी हात वर करून ढोल थांबवले. माटवाकडे बघितलं, घडांकडे बघितलं.

"वाका," ते म्हणाले.

"म्हणजे?" हर्षद म्हणाला.

"म्हणजे गुडघ्यात वाक मेल्या. दांडा खांद्यावरनं हातावर घे. देवी आज बसून नाचणार."

"बसून?"

"पोराबाळांच्या घरी आल्यावर माणूस खालीच बसतो ना? मग? वाका!"

चौघेही वाकले. पालखी त्यांच्या मांड्यांच्या उंचीवर आली आणि अंगणात शिरली. ढोल सुरू झाले. बेडकासारखे बसलेले चार गडी, हातांवर पालखी, एक पाय पुढे, एक पाय मागे, डोक्यावरून इंच-दोन इंच वर जांभळे घड. आधी लोक हसले. मग बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मागच्या दांड्याचा एक जण घामाघूम होऊन म्हणाला, "बदली द्या रे!" आणि गोदाकाकी ओरडली, "हर्षद, रोज जिमला जातोस ना? आता उठलास तर घरी जेवायला येऊ नको!" हर्षदचे पाय थरथरत होते, पण तो उठला नाही. चौघांनी पालखी डावीकडे झुलवली, उजवीकडे झुलवली, आणि देवीच्या चांदीच्या मुखवट्यावर पानांतून गळणारं ऊन नाचायला लागलं. इतक्या खाली, इतक्या जवळून देवीचं तोंड श्रुतीने कधी बघितलं नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्यांनीही नसेल. एक आजी पुढे होऊन मुखवट्याच्या गालाला हात लावून आली.

"सूनबाई, पोरीला काढ!" धोंडूदादा म्हणाले.

श्रुतीने ईशाला उचललं आणि पुढे झाली. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. पालखीखाली तिच्यासाठी जागाच नव्हती. ती वाकली, गुडघ्यांवर बसली, मान खाली घातली, तरी नाही. सुंदराबाईंनी एकवार बघितलं आणि मान हलवली. त्यांच्याच्याने तर मुळीच होण्यासारखं नव्हतं. पालखीखालची ती बुटकी, अंधारी जागा पलंगाखालच्या जागेएवढीच होती.

ईशाने ती बघितली. आईच्या काखेतून खाली वाकून बघितली. मग तिने पाय झाडले, श्रुतीची पकड सुटली, आणि ती आत.

ढोल वाजत होते, चार जोड पाय मागेपुढे पडत होते, धूळ उडत होती, आणि त्या सगळ्याच्या खाली कुठेतरी तिची पोर होती. "थांबवा" म्हणायला तिने तोंड उघडलं, पण आवाज ढोलांत विरून गेला. तेवढ्यात पलीकडे उकिडवे बसलेले सहदेव दिसले, दोन्ही हात पसरून. आणि त्यांच्या हातांमध्ये धुळीने माखलेली, एका कानातला कापूस हरवलेली ईशा उगवली.

"परत!" ईशा म्हणाली. आणि कुणी अडवायच्या आत आली तशी पालखीखालून परत आईकडे गेली.

श्रुतीला हसावं की रडावं कळेना. तिने पोरीला घट्ट धरलं, कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

मग पालखी पाटावर बसली, ओटी भरली, आणि धोंडूदादांनी गाऱ्हाणं घातलं. "ह्या घरात जी पोर धावायला लागली तिला असंच धावतं ठेव गो आई."

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"बोटीवर हाय त्याला वेळेवर किनाऱ्याला लाव."

"होय म्हाराजा!"

"आणि सुनेच्या माहेरची ही जी वेल तू आज वाकून बघितलीस, तिला किडीपासून राख, वाऱ्यापासून राख, आणि गोदेच्या तोंडापासून राख."

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने गोदाकाकीच म्हणाली.

पालखीच्या कळसाला लागून दोन-चार मणी गळले होते. लोकांनी ते प्रसाद म्हणून तोंडात टाकले आणि तोंडं आंबवली.

पुढच्या आठवड्यात अण्णा-आई हातखंब्याच्या तिठ्यावर बसमधून उतरले. सहदेव रिक्षा घेऊन आणायला गेले होते. अण्णा अंगणात आले ते पाणीसुद्धा न घेता माटवाखाली उभे राहिले. एका घडाचा मणी काढून त्यांनी चिरला. बी तपकिरी होतं. खिशातून साखर मोजायची ती लहान दुर्बिणीसारखी नळी काढली, रसाचा थेंब टाकला, डोळ्याला लावून उजेडाकडे धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. इतका वेळ लागत नाही, श्रुतीला माहीत होतं.

"झालं का, अण्णा?"

"झालं," ते म्हणाले. "मळ्यातल्यासारखंच झालं." मग सहदेवांना म्हणाले, "मांडव झकास घातला तुम्ही. उंची बरोबर."

"पुढच्या खेपेला उंच करणार हाय," सहदेव म्हणाले. "पालखी येते ना."

"कशाला?" गडग्यावरून गोदाकाकी म्हणाली. "पोरं सगळीकडे सांगत सुटलीत. पुढच्या शिमग्याला पण बसूनच नाचवणार म्हणे. खालच्या वाडीवाले विचारत होते, आमच्याकडे का नाय बसली?"

खुडा तासाभरात आटोपला, एकच तर वेल. टोपली भरली. अण्णांचं म्हणणं, रस बाटलीभर निघेल. सहदेवांचं म्हणणं, मग बाटलीभर निघू दे, आजोबांची माडी काय पिंपं भरून असायची? दोघे झोपाळ्यावर बसून माडी आणि वाइन यांतलं आधी काय आंबतं यावर बोलायला लागले. सुंदराबाईंनी विहीणबाईंना घावन वाढता वाढता विचारलं, "आता परत कापणार काय हो ही वेल?"

"कापणार की. पुढच्याच महिन्यात."

"मग त्या दिवशी मी माझ्या माहेरी जाईन. मला कळवा आधी."

ईशा टोपलीशी बसली होती. तिने एक मणी उचलला, तोंडाकडे नेला आणि सवयीने आईकडे बघितलं. श्रुती सुरी घेऊन तयारच होती. तिने तो मणी घेतला, चार फोडी केल्या, बी काढलं आणि एकेक फोड लेकीच्या तळहातावर ठेवली. चौघाही आजी-आजोबांनी बघितलं आणि घावनाचा पुढचा तुकडा मोडला.

ईशाने एक फोड खाल्ली. डोळे बारीक केले, विचार केला, आणि हात पुढे केला.

"परत," ती म्हणाली.